वारंवार भाराखाली धातूचा पृष्ठभाग कसा बिघडतो? हवा, निर्वात आणि खारं पाणी: पहिल्या चाचणीसाठी मार्गदर्शक

माझी खाऱ्या पाण्यातली पहिली फटीग चाचणी (वारंवार भार देऊन धातू थकवण्याची चाचणी) तीन आठवडे चालली. नमुना तुटला, तो मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, खड्डे, पट्टे, भेगा असे भरपूर फोटो काढले आणि खुशीत सरांना नेऊन दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "यातलं भारामुळे काय झालंय आणि पाण्यामुळे काय?" मला उत्तर देता येईना. चाचणीआधीचे फोटो नव्हते, आणि तेवढेच दिवस नुसता पाण्यात बुडवून ठेवलेला दुसरा नमुनाही नव्हता. तीन आठवडे अक्षरशः पाण्यात गेले.

या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. भार देणारं सर्व्हो-हायड्रॉलिक यंत्र आणि बरा सूक्ष्मदर्शक तुमच्या हाताशी आहे, पण ही चाचणी याआधी तुम्ही केलेली नाही, असं धरून चाललोय.

१. पृष्ठभागावर नेमकं काय घडतं, ते आधी समजून घ्या

पत्त्यांचा कॅट हातात धरून थोडा तिरका सरकवा, मग परत मागे ढकला. सगळे पत्ते मूळ जागी येत नाहीत, कडेला थोडी दातेरी रेघ उरते. धातूच्या प्रत्येक कणात (म्हणजे बारीक स्फटिकात) अणूंचे थर असेच ठरावीक प्रतलांवर सरकतात. ताण उलटला की बरंचसं सरकणं उलटं होतं, पण सगळं नाही. हा न फिरलेला वाटा दर सायकलीला, म्हणजे भाराच्या प्रत्येक फेरीला, साचत जातो.

यूइंग आणि हम्फ्री यांनी १९०३ मध्ये लोखंड उलटसुलट वाकवत सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं: आधी बारीक रेघा, मग त्यांचे जाड पट्टे, आणि पुढे त्याच पट्ट्यांत भेगा. १९५० च्या दशकात थॉम्पसन, वॉड्सवर्थ आणि लूआट यांनी तांब्याचा नमुना मध्येच काढून पॉलिश केला आणि पुन्हा भाराला लावला. काही पट्टे पुसले गेले ते गेले, काही मात्र त्याच जागी परत उगवले. म्हणून त्यांना 'पर्सिस्टंट', म्हणजे चिवट स्लिप बँड म्हणतात. या पट्ट्यांतून कुठे धातूची पातळ फीत बाहेर येते, ते एक्स्ट्रूजन. कुठे अरुंद चीर आत जाते, ते इंट्रूजन. भेगेची सुरुवात बहुधा इथेच होते.

आता यात परिसर, म्हणजे नमुन्याभोवतीची हवा, निर्वात किंवा पाणी, कुठे येतो? सरकण्यातून जी नवी पायरी उघडी पडते, ती कोरी असते. हवेत तिच्यावर क्षणात ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ चिकटते. असा थर बसलेली पायरी परत आत जाताना पूर्वीसारखी मिटत नाही. निर्वातात ती कोरी राहते, सरकणं जास्त प्रमाणात उलटतं, भेग उशिरा सुरू होते आणि सावकाश वाढते. गॉफ आणि सॉपविथ यांनी १९३० च्या दशकात अंशतः निर्वातात चाचण्या करून हवेचाही यात हात असतो हे दाखवलं. त्याआधी 'परिसर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त पाणी आणि आम्ल यायचं. खाऱ्या पाण्यात प्रकरण आणखी पुढे जातं: उघडी पायरी विरघळू लागते, खड्डे पडतात, आणि खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो.

२. धातू निवडताना हौस आवरा

पहिल्याच चाचणीला विमानाचा ॲल्युमिनियम मिश्रधातू घ्यावासा वाटतो. घेऊ नका. त्यात भेगा बऱ्याचदा स्लिप बँडऐवजी आत अडकलेल्या कठीण परक्या कणिकांपाशी सुरू होतात, आणि हवेतली आर्द्रता बदलली की निकालही हलतात.

हवा आणि निर्वात यांची तुलना करायची असेल तर शुद्ध, ॲनील केलेलं (तापवून सावकाश मऊ केलेलं) तांबं घ्या. सगळीकडे एकाच रचनेचा धातू, ठळक स्लिप बँड, आणि मागचं कामही भरपूर. कणांचा आकार ५० ते १०० मायक्रॉन असला की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही एकेक कण ओळखता येतो. खाऱ्या पाण्यासाठी मात्र साधं कमी कार्बनचं पोलाद बरं. हवेत त्याला सहनमर्यादा असते, म्हणजे ठरावीक ताणाखाली ते तुटतच नाही असं मानता येतं. खाऱ्या पाण्यात ही मर्यादा उरत नाही, त्यामुळे फरक ठळक दिसतो. तांब्यावर साध्या मिठाच्या पाण्याचा परिणाम त्या मानाने बेताचा असतो. नवशिक्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

३. साहित्य आणि कागदपत्रं

- धातूचं रासायनिक विश्लेषणाचं प्रमाणपत्र आणि ॲनीलिंगची नोंद (तापमान, वेळ, भट्टीतला वायू)
- नमुन्याचं रेखाचित्र, मापांत चालणाऱ्या फरकांसह
- लोड सेल (भार मोजणारा) आणि एक्स्टेन्सोमीटर (नमुन्याची लांबी किती बदलली ते मोजणारा) यांची मुदतीतली कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं
- लागू होणारी मानकं: ताण-नियंत्रित चाचणीसाठी एएसटीएम ई ४६६ किंवा आयएसओ १०९९, स्ट्रेन-नियंत्रित (स्ट्रेन म्हणजे लांबीतला सापेक्ष बदल) चाचणीसाठी एएसटीएम ई ६०६ किंवा आयएसओ १२१०६, सरळपणा तपासण्यासाठी एएसटीएम ई १०१२
- पॉलिश पेपर ३२० पासून २४०० पर्यंत, ६, ३ आणि १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट
- रेप्लिकासाठी (पृष्ठभागाचा ठसा घेण्यासाठी) सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म आणि ॲसिटोन
- तापमान व आर्द्रता नोंदवणारं यंत्र, पीएच मीटर, संदर्भ इलेक्ट्रोड
- सिलिका जेल घातलेला डेसिकेटर (नमुने कोरडे ठेवायचं बंद भांडं)
- पानांना क्रमांक असलेली वही

वहीला हसू नका. संगणकावर भार आणि सायकलींची नोंद आपोआप होते. "दुपारी वीज गेली, पंप चाळीस मिनिटं बंद" ही नोंद मात्र कुणीतरी हाताने लिहावी लागते.

४. नमुने मोजताना जुळे धरा

प्रत्येक परिसरासाठी किमान तीन प्रकारचे नमुने लागतात: भार आहे पण तो परिसर नाही, परिसर आहे पण भार नाही, आणि दोन्ही आहेत. मधला प्रकार, म्हणजे जुळा, सगळे विसरतात, मी विसरलो तसाच. त्याला काहीच करायचं नसतं. त्याच पाण्यात, त्याच तापमानाला, तेवढेच तास पडून राहायचं. शेवटी दोघांचे फोटो शेजारी ठेवले की जुळ्यावरचे खड्डे वजा करून बघता येतं.

शिवाय फटीगचं आयुष्य जात्याच विखुरलेलं असतं. एकसारखे दिसणारे दोन नमुने एकाच भाराला दुपटीच्या फरकाने तुटले तर आश्चर्य नको. एकेका नमुन्यावरून "निर्वातात आयुष्य वाढलं" असं जाहीर करू नका.

५. पृष्ठभाग तयार करणं: खरी मेहनत इथे

नमुन्याचा मधला भाग मी ५ बाय ५ मिलिमीटर चौरस छेदाचा ठेवतो. सपाट बाजू असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली फोकस नीट बसतो आणि दाबाच्या वेळी नमुना कलत नाही. गोल नमुन्यावर फोकस सारखा घसरतो, आणि पातळ पट्टी दाबाखाली वाकते. चौरसाच्या कडा मात्र गोलसर करून पॉलिश कराव्याच लागतात, नाहीतर पहिली भेग कडेवरच येते आणि सपाट बाजूवरची सगळी मेहनत वाया जाते.

क्रम असा ठेवा: यंत्रण, घासणं, ॲनीलिंग, शेवटचं पॉलिश. ॲनीलिंगनंतर जोर लावून घासलं तर पृष्ठभागाखाली दहा-वीस मायक्रॉनचा थर कठीण होतो, आणि मग तुम्ही धातूऐवजी तुमच्या पॉलिश पेपरचा स्वभाव मोजत बसता. प्रत्येक पेपरला दिशा ९० अंशांनी बदला, आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नका, आणि शेवटचे ओरखडे भाराच्या दिशेला समांतर राहतील असं बघा. आडवा ओरखडा म्हणजे तयार खाच.

तांब्यासाठी शेवटी ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल आणि पाण्याच्या मिश्रणात दोन व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या प्रवाहाने पॉलिश) करा. आधी टाकाऊ तुकड्यावर व्होल्टेज बदलत बघा. कमी पडलं तर पृष्ठभाग कोरला जातो, जास्त झालं तर बुडबुड्यांचे व्रण उमटतात. पोलादासाठी जुन्या कृतींत पर्क्लोरिक आम्ल सापडेल. सेंद्रिय पदार्थांशी गाठ पडली किंवा गरम झालं की त्याचा स्फोट होऊ शकतो, म्हणून अनुभवी माणूस आणि योग्य फ्यूम हूड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. डायमंड पेस्टनंतर कोलॉयडल सिलिकाने पॉलिश केलं तरी पहिल्या चाचणीला पुरतं.

आणखी एक मोह: कणांच्या सीमा दिसाव्यात म्हणून चाचणीआधी एचिंग करणं, म्हणजे पृष्ठभाग रसायनाने हलका कोरणं. एचिंगने सीमांवर चर पडतात आणि भेगांना आयतं घर मिळतं. कण बघायचेच असतील तर चाचणी संपल्यावर एच करा, किंवा त्याच पट्टीचा वेगळा तुकडा वापरा.

आता 'शून्य सायकल'चे फोटो काढा. मधल्या भागाची जाळी आखल्यासारखी नोंद ठेवा. जागा परत सापडावी म्हणून खुणा खांद्यावर, म्हणजे मधल्या भागाच्या शेजारच्या जाड भागावर, करा. मधल्या भागात कठीणतेचा ठसा उमटवून खूण केली तर भेग नेमकी तिथूनच निघेल.

६. यंत्रावर चढवणं आणि भार ठरवणं

मऊ तांब्याला फक्त ओढण्याच्या बाजूने भार दिला तर ते दर सायकलीला थोडं थोडं लांबत जातं. म्हणून पूर्ण उलटसुलट भार द्या आणि स्ट्रेनवर नियंत्रण ठेवा. एक्स्टेन्सोमीटरच्या सुरीसारख्या कडा पृष्ठभागावर बारीक काप करतात. कडेखाली इपॉक्सीचा ठिपका लावा, किंवा तो बघायच्या बाजूला न लावता मागच्या बाजूला लावा. पाण्यात आणि निर्वातात तो बहुधा खांद्यांवर लावावा लागतो. तसं केलं तर खांद्यांवरचं माप आणि मधला खरा स्ट्रेन यांचं नातं हवेत आधी तपासून घ्या.

ग्रिप (नमुना दोन्ही टोकांना धरणारे जबडे) सरळ रेषेत नसतील तर एका बाजूला ताण जास्त पडतो आणि स्लिप बँड त्याच बाजूला गर्दी करतात. स्ट्रेन गेज लावलेला नमुना चढवून वाकणं मोजा. ते अक्षीय स्ट्रेनच्या ५ टक्क्यांच्या आत हवं.

वेग ठरवताना कॅलेंडर उघडा. १ हर्ट्झला एक लाख सायकलींना सुमारे २८ तास लागतात, ०.१ हर्ट्झला साडेअकरा दिवसांहून जास्त. हवेत वेगाचा फरक फारसा जाणवत नाही म्हणून लोक हवेतली चाचणी २० हर्ट्झला उरकतात आणि पाण्यातली १ ला करतात. मग दिसलेला फरक पाण्याचा की वेगाचा, हे सांगता येत नाही. क्षरणाला (धातू गंजून झिजण्याला) वेळ लागतो, त्यामुळे पाण्यात हळू चाचणीत दर सायकलीमागे जास्त नुकसान होतं. तिन्ही परिसरांत वेग एकच ठेवा.

७. परिसर तयार करणं

हवा: सगळ्यात सोपी, म्हणूनच दुर्लक्षित. तापमान आणि आर्द्रता दर तासाला नोंदवा. "खोलीतली हवा" हा परिसर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एक नसतो.

निर्वात: दाब एका पास्कलच्या दहा हजाराव्या भागाइतका उतरला की मनाला समाधान वाटतं. पण त्या दाबालाही उरलेले रेणू कोऱ्या पृष्ठभागावर काही सेकंदांत एक थर बसवू शकतात. १ हर्ट्झला चालणाऱ्या चाचणीसाठी हा पूर्ण निर्वात नाही, क्षीण हवा आहे. अहवालात दाब आणि वेग दोन्ही लिहा, नुसतं "निर्वात" लिहू नका. कक्ष तापवून भिंतींना चिकटलेलं पाणी आधी काढा.

निर्वाताचा दुसरा सापळा मला बराच उशिरा कळला. भाराची दांडी बेलोजमधून (भात्यासारख्या घडीच्या, हवाबंद धातूच्या नळीतून) कक्षात जाते, आणि बाहेरची हवा तिला आत ढकलते. बेलोजचा परिणामी व्यास ५० मिलिमीटर असेल तर हा जोर सुमारे २०० न्यूटन होतो. आपल्या २५ चौरस मिलिमीटर छेदावर तो ८ मेगापास्कल पडतो. मऊ तांब्यासाठी हा आकडा किरकोळ नाही. लोड सेल कक्षाबाहेर असेल तर नमुन्याचं एक टोक मोकळं ठेवून, हवा काढून, हा जोर मोजा आणि हिशेबातून वजा करा. निर्वातात हवेने होणारी थंडाईही नसते, तेव्हा खांद्याला तापमान मोजणारं थर्मोकपल लावायला विसरू नका.

खारं पाणी: ३५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी म्हणजे वजनाने ३.५ टक्के. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेले पदार्थ असतात. पाणी फिरतं ठेवा, हवा सोडा, पीएच रोज मोजा, आणि गंजाने पाणी लालसर झालं की बदला.

ग्रिप आणि नमुना वेगवेगळ्या धातूंचे असतील आणि पाणी दोघांना लागत असेल तर तुम्ही नकळत एक बॅटरी तयार केलीय. ग्रिप पाण्याबाहेर ठेवा किंवा विद्युतदृष्ट्या वेगळे करा. नमुन्याचे खांदे लॅकरने झाका. रबरी सीलखालच्या फटीत पाणी अडकून राहतं आणि तिथे खास जोमाने क्षरण होतं. नमुना सीलपाशी तुटला तर तो निकाल बाद समजा, कितीही जीवावर आलं तरी.

८. मध्ये थांबून बघणं

पट्टे लवकर उमटतात, म्हणून सुरुवातीला दाट आणि नंतर विरळ थांबा: १०, १००, १,०००, ३,०००, १०,००० सायकली, आणि पुढे तसंच. हवेत नमुना न उतरवता रेप्लिका घेता येते. ॲसिटोनचा थेंब, वर फिल्म, सुकली की सोला. रेप्लिकेत सगळं उलटं दिसतं: चीर उंचवटा होते आणि एक्स्ट्रूजन खड्डा. फिल्मवर लगेच सायकलींचा आकडा लिहा. दहा पारदर्शक तुकडे टेबलावर मिसळले की ते ओळखणं देवालाही जमणार नाही.

निर्वातात मात्र मध्ये नमुना बाहेर काढू नका. हवा लागली की सगळ्या कोऱ्या पायऱ्यांवर थर बसतो आणि पुढची चाचणी शुद्ध निर्वाताची राहत नाही. पाण्यातही धुणं आणि वाळवणं म्हणजे क्षरणाची नवी सुरुवात. या दोन्ही ठिकाणी टप्पे ठरवून प्रत्येक टप्प्याला वेगळा नमुना थांबवावा लागतो. खर्चिक आहे, पण दुसरा प्रामाणिक मार्ग मला सापडलेला नाही. कक्षाला काचेची खिडकी असेल तर लांब पल्ल्याचा सूक्ष्मदर्शक लावून थोडी सुटका होते. रेप्लिकेचंही तसंच: ॲसिटोनने पृष्ठभाग पुन्हा पुन्हा धुतला जातो. म्हणून एक नमुना एकही रेप्लिका न घेता शेवटपर्यंत चालवा आणि आयुष्य जुळतंय का ते बघा.

९. दिसतंय ते काय आहे?

ओरखडा की स्लिप बँड: ओरखडा कणाच्या सीमेची पर्वा न करता सरळ जातो. स्लिप बँड एका कणात एकमेकांना समांतर असतात आणि शेजारच्या कणात दिशा बदलतात. पुष्कळसे भाराशी ४५ अंशांच्या आसपास असतात.

इंट्रूजन की भेग: वरून बघून सांगणं कठीण. यंत्रावरच थोडा ताण धरून बघा. भेग उघडते, इंट्रूजन जवळपास तसंच राहतं.

चिवट पट्टा की साधा: काही मायक्रॉन थर इलेक्ट्रोपॉलिशने काढा, थोड्या सायकली पुन्हा द्या आणि तीच जागा बघा.

क्षरणाचा खड्डा की भारामुळे झालेला: इथे जुळा कामाला येतो. जुळ्यावर खड्डे कुठेही विखुरलेले असतील आणि भार दिलेल्या नमुन्यावर ते स्लिप बँडच्या ओळीत बसलेले असतील, तर पाणी आणि भार दोघांनी मिळून ते केलेत असं म्हणायला आधार आहे.

एक फसवणूक निर्वाताच्या फोटोंत असते. तुटलेला निर्वातातला नमुना हवेतल्यापेक्षा जास्त खडबडीत दिसू शकतो आणि वाटतं, निर्वाताने जास्त नुकसान केलं. पण तो जास्त सायकली जगलेला असतो. तुलना सायकलींच्या समान आकड्यावर करा, मोडण्याच्या क्षणाला नाही.

खडबडीतपणाचा सरासरी आकडाही एकटा वापरू नका. सगळीकडे पसरलेल्या उथळ रेघा आणि एकच खोल चीर यांची सरासरी सारखी येऊ शकते, आणि नमुना तुटतो तो त्या चिरेपाशी. कमाल खोली वेगळी नोंदवा. प्रोफाइलोमीटरची सुई अरुंद चिरेच्या तळाशी पोचतच नाही, त्यामुळे खोलीचा आकडा नेहमी कमीच भरतो. खरी खोली हवी असेल तर आधी निकेलचा थर चढवून, मग नमुना आडवा कापून, छेद बघावा लागतो.

१०. नमुना तुटल्यावर पहिली पंधरा मिनिटं

यंत्र थांबल्याबरोबर सायकलींचा आकडा लिहा. खाऱ्या पाण्यातला नमुना लगेच डिस्टिल्ड पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा, गरम हवेने वाळवा आणि डेसिकेटरमध्ये ठेवा. रात्रभर ओला राहिला तर सकाळी तुम्ही फक्त रात्रीच्या गंजाचे फोटो काढाल. भार न दिलेला जुळाही त्याच वेळी बाहेर काढा आणि त्याच पद्धतीने धुवा, नाहीतर तो जुळा राहत नाही. तुटलेले दोन तुकडे "कसे बसतात बघू" म्हणून एकमेकांना जोडून बघण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जोडलेत की मोडलेल्या तोंडांवरच्या बारीक रेघा चिरडल्या जातात. दोन तुकडे, दोन डब्या, दोन्हींवर नाव.